न पाहिलेला पाचवा

मी एका चित्रपटावर वर्तमानपत्रात लिहिलं आणि तो चित्रपट मी पाहिलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःची बाजू सावरायला लागेन. माझा स्वभाव मला चांगला माहीत आहे.

नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, मापात असले तर सही करायची, नसले तर परत पाठवायचे. बावीस वर्षं हेच करतोय. एकदा हाताखालच्या एका माणसाने न मोजताच कागदावर सही ठोकली, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर असा झापला की तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. कारखान्यात मला खडूस म्हणतात आणि तेही मला आवडायचं.

रविवारचा मी वेगळा असतो. मला जुने मराठी भुताचे चित्रपट बघायचा नाद आहे. एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचं छोटं चित्रपट मंडळ भरतं. तिथली मंडळी इराणी सिनेमावर तासभर बोलतात आणि मी भुतांचा विषय काढला की गालातल्या गालात हसतात. त्या हसण्याचा मला भयंकर राग यायचा. यांना एकदा दाखवून द्यायचं, हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं.

भुताचे चित्रपट काढणारे एक दिग्दर्शक होते. त्यांचा मांजराचा चित्रपट सगळ्यांनी पाहिलेला असतो. दुपारचा टीव्हीवर लागायचा. पांढरी साडी, विहीर, आपोआप करकरणारं दार, सगळं त्यात आहे, आणि आता लोक तो हसायला बघतात. पण या माणसाने पंधरा-सोळा चित्रपट केले आणि त्यातले काही कुणाच्या खिजगणतीतही नाहीत. एक आहे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा. गिऱ्हाइकं घड्याळ टाकून जातात आणि न्यायला परत येत नाहीत. ती का येत नाहीत हे त्याच्या हळूहळू लक्षात येतं. अख्ख्या चित्रपटात भूत दिसत नाही, फक्त भिंतीवरची घड्याळं वाढत जातात. दुसरा गुऱ्हाळाचा. उकळत्या रसाच्या काहिलीजवळ तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू येतं, मालक मांत्रिक बोलावतो आणि शेवटी कळतं की मूल खरंच आहे, मजुरणीने काम जाऊ नये म्हणून लपवून ठेवलेलं. तिसऱ्यात वसतिगृहातल्या मुली एका नसलेल्या मुलीची हजेरी लावत राहतात. चौथा विनोदी, त्यातलं भूत माणसांना घाबरून माळ्यावर बसतं. तो आठवडाभरही चालला नाही म्हणे.

हे चार मी पाहिले होते. खरोखर पाहिले होते, घासलेल्या सीड्यांवर, दोन-दोनदा. या चारांवर मी लेख लिहिला आणि इथल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीला पाठवला. संपादकांचा फोन आला. लेख आवडला म्हणाले, पण "चार बरे दिसत नाहीत हो. पाच करा. 'पाच दुर्लक्षित चित्रपट', असा मथळा बसतो. उद्या दुपारपर्यंत द्या."

पाचवा माझ्याकडे पुस्तिकेत होता. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात रद्दीत मला जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका सापडायच्या. पूर्वी थिएटरबाहेर विकायचे त्या, आत गाणी आणि थोडक्यात कथा. कथा अर्ध्यावर सोडून खाली छापलेलं असायचं, पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा. ही पुस्तिका रेल्वे फाटकवाल्याच्या बायकोच्या चित्रपटाची होती. नवरा मेल्यावरही ती गाडीच्या वेळेला कंदील घेऊन फाटक लावायला जाते, कुणी सांगितलेलं नसताना. गाव तिला भूत समजायला लागतं. गावात नवीन आलेली मास्तरीण, म्हणजे नायिका, तिचा शोध घ्यायला निघते. इथे कथा थांबत होती. शेजारी एक मळका फोटो होता, पाठमोरी बाई आणि हातात कंदील.

तेवढ्यावर मी लिहिलं. शेवट माहीत नव्हता, तर "शेवट सांगून मी वाचकांची मजा घालवणार नाही" असं लिहून टाकलं. पण ते कोरडं वाटायला लागलं. बाकीच्या चारांत मी एकेक प्रसंग रंगवला होता, याच्यात काहीच नव्हतं. मग त्या फोटोकडे बघून मी एक वाक्य घातलं: "कंदील खाली ठेवून ती एकदाच मागे वळून बघते, आणि त्या एका नजरेत सगळं गाव अपराधी ठरतं." हे लिहिल्यावर मी बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "तुम्ही पाहिलाय का हा?" मी म्हणालो, पाहिल्यासारखाच आहे. ती भाजी निवडत राहिली.

दिग्दर्शक हयात नसतील असं मी धरूनच चाललो होतो. आता वाटतं, ते आहेत हे माहीत असतं तर मी लिहिलं नसतं. म्हणजे मला चूक कळत होती, फक्त पकडणारा कुणी नाही एवढा भरवसा होता.

लेख छापून आला. मंडळातल्या ज्या गृहस्थांच्या हसण्याचा मला सर्वांत जास्त राग यायचा, त्यांनी "अभ्यासपूर्ण" असा निरोप पाठवला. तो मी बायकोला दाखवला, मेहुण्याला दाखवला, कारखान्यात चहाच्या वेळी दाखवला. मंगळवारी एका बाईंचा फोन आला. एकलहऱ्याहून बोलतेय म्हणाल्या. नवरा वीजकेंद्रात आहे, आम्ही वसाहतीत राहतो. "तुम्ही ज्यांच्यावर लिहिलंय ना, ते माझे सासरे. त्यांना तुम्हाला भेटायचंय. याल का दादा?"

मी हरखलो. शप्पथ सांगतो, त्या क्षणी मला पाचवा चित्रपट आठवलासुद्धा नाही. पेढे घेऊन गेलो.

ऐंशीच्या पुढचे, उंच, सुकलेले गृहस्थ. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याने धूसर दिसायचं. टीव्ही जवळून बघता येतो, पण वाचता येत नाही. सूनबाईंनी लेख कापून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला होता. मी घड्याळांचं काढलं, गुऱ्हाळाचं काढलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फाटकाचा कुठे पाहिलात?"

मी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडायला लागलो.

"त्याची प्रिंट कुठेच नाहीये. निर्मात्याच्या गोडाऊनला पाणी शिरलं त्यात सगळं गेलं. मी वीस वर्षं शोधलं. तुम्हाला कुठे मिळाला?"

सांगता आलं असतं. सर, मी पुस्तिकेवरून लिहिलं, माफ करा. एवढंच वाक्य होतं. पण समोर पेढ्यांचा पुडा उघडलेला, सूनबाई कौतुकाने दारात उभ्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "लहानपणी, सर. वणीच्या यात्रेत. तंबूत."

ही थाप मला इतकी सहज कशी सुचली याचं मला आजही आश्चर्य वाटतं. माझं आजोळ वणीच्या बाजूचं. चैत्रात देवीच्या गडावर जाणाऱ्या गर्दीसाठी खाली तंबूतले सिनेमे लागायचे, हे खरं. त्या तंबूत मी देवादिकांचे दोन चित्रपट पाहिले होते आणि एकात झोपलो होतो, हेही खरं. खोटं तेवढं एकच होतं.

ते पुढे सरकले. "आणि ते मागे वळून बघणं, ते तुम्ही पाहिलंत?"

"हो. तेच तर डोक्यात राहिलं."

मग त्यांनी सांगितलं ते मी थोडक्यात लिहितो, कारण ते सगळं लिहायला मला जड जातं. मनमाडच्या बाजूला एका फाटकावर शूटिंग होतं. फाटकवाल्याच्या बायकोचं काम करणारी नटी राहायची सोय बघून पहिल्याच दिवशी परत निघून गेली. त्यांची बायको युनिटचा स्वयंपाक करायला सोबत आली होती. तिलाच लुगडं नेसवून उभी केली. तीन प्रसंग आणि दोन वाक्यं. मागे वळून बघायचा शॉट त्यांनी तिच्याकडून सात वेळा करून घेतला, कंदिलाचा चटका बसून हाताला फोड आला तरी. आणि नंतर तो कापून टाकला.

"मीच कापला. पण पहिल्या दोन प्रिंट तोवर बाहेर गेल्या होत्या," ते म्हणाले. "त्यातली एखादी तंबूवाल्याकडे पोचली असणार. म्हणजे ते आहे तर कुठेतरी."

ती वारली तेव्हा मुलगा दहावीत होता. घरात तिचे दोन फोटो, एक लग्नाचा आणि एक कुणाच्या तरी बारशातला. नातवंडांनी तिला पाहिलेलं नाही, सुनेनेही नाही. "हलताना ती कुठेच नाहीये," ते म्हणाले. "तेवढं एकदा बघायचंय मला. जिवंत बघितल्यासारखं होईल."

मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्याच्या उद्या जाऊन खरं सांगून या." मी म्हणालो, आता कसं सांगू, म्हातारा माणूस आहे, उगाच धक्का बसेल. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून गॅलरीत गेलो. धक्क्याची काळजी मला त्यांची नव्हती. माझा लेख खोटा ठरेल, मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही काळजी होती. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

मी त्यांचे फोन घेणं टाळायला लागलो. सूनबाई व्हॉट्सॲपवर कळवत राहिल्या. बाबा तंबूवाल्याचं नाव विचारतायत. बाबांनी कुणाकडून तरी काढलं. बाबा आज वणीला गेलेत. हा शेवटचा निरोप मी कारखान्यात वाचला, मे महिन्यात, दुपारी बारा वाजता. एकलहऱ्याहून नाशिकरोड, तिथून सीबीएसचं बस स्टँड, तिथून वणीची एसटी. ऐंशीच्या पुढचा माणूस माझ्या थापेच्या मागे उन्हात निघाला होता आणि मी पंख्याखाली बसून "काळजी घ्या" असं लिहून हात जोडलेलं चित्र पाठवलं. त्या चित्राची मला जितकी लाज वाटते तितकी लेखाचीही वाटत नाही.

ते तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला तंबूवाल्याच्या नातवाने, त्याचं आता मोबाइलचं दुकान आहे, माळ्यावरचा एक डबा काढून दिला. "लय जुनं हाय बाबा, गंजलंय. न्यायचं तर न्या," म्हणाला. त्या रविवारी सकाळी सूनबाईंनी दुसऱ्याच नंबरवरून फोन केला, त्यामुळे मी तो उचलला. "दादा, रीळ मिळालंय. बाबांना बारीक दिसत नाही आणि आम्ही कुणी तो पिक्चर पाहिलेला नाही. पाहिलेले तुम्ही एकटेच. येऊन ओळखता का?"

कारखान्यात बारीक चरे बघायला मी एक भिंग वापरतो. ते खिशात घालून गेलो. का घेतलं कुणास ठाऊक. सवयीने.

सूनबाईंनी मला दारातच थांबवलं. "परवा बसमधून उतरताना पडले ते. गुडघा एवढा सुजलाय. ऐकतच नाहीत. तुम्ही नक्की बघितलाय ना हो तो पिक्चर?" त्या संशयाने विचारत नव्हत्या. त्यांना धीर हवा होता. मी चपला काढत खाली बघितलं आणि आत गेलो.

डबा उघडला तेव्हा आंबूस, नाकाला झोंबणारा वास खोलीभर पसरला. रिळाचा निम्मा भाग चिकटून वडी झालेला. बाहेरची हातभर पट्टी सुटी झाली, ती मी खिडकीच्या उजेडात धरून भिंग लावलं. ते माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसले होते, सुजलेला पाय स्टुलावर. अंगात इस्त्रीचा सदरा होता.

पट्टीत कागदी मुकुट घातलेला राजा होता. सगळ्या चौकटींत तोच राजा, हात वर केलेला.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. हा दुसराच आहे. पौराणिक."

हे तर खरं होतं. एवढं बोलून मी निघू शकलो असतो. पण त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तरी मला वाटलंच होतं. तो पोरगा म्हणत होता, त्याच्या चुलत्याकडे दिंडोरीला आणखी डबे आहेत. बुधवारी जातो." आणि सुनेला हाक मारून विचारलं, दिंडोरीला पहिली गाडी किती वाजता आहे गं?

तेव्हा मी सांगितलं. पट्टी हातातच होती. म्हणालो, सर, दिंडोरीला जाऊ नका. तो चित्रपट मी कधीच पाहिलेला नाही. वणीलाही नाही, कुठेच नाही. पुस्तिका होती माझ्याकडे, तिच्यावरून लिहिलं.

आत सूनबाईंनी चहाला गॅस पेटवला होता. तो बंद केल्याचा आवाज मी ऐकला.

मी मनात म्हणत होतो, ओरडा, हाकलून द्या, काहीही करा.

"मग ते मागे वळून बघणं?"

"मनाने घातलं."

"का?"

मला खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "भुताच्या चित्रपटात बाई मागे वळून बघतेच, म्हणून."

ते हसले, म्हणजे तोंडातून तसा आवाज आला. "म्हणूनच तर कापलं होतं मी. तिला म्हणालो, हे सगळेच करतात. 'बरं' म्हणाली. पिक्चर बघून आल्यावर पण एवढंच म्हणाली, गाणी चांगली झालीत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी जन्मभर लोकांना खोटं दाखवलं. पण ते तिकीट काढून यायचे. खोटं बघायलाच यायचे. मी तुमचं तिकीट कधी काढलं होतं?"

मी पट्टी डब्यात ठेवली, ती नीट बसेना, पुन्हा पुन्हा बाहेर येत होती. सूनबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. सुजलेल्या गुडघ्याकडेही बघवत नव्हतं. मी उठलो आणि माफी मागितली, दोनदा मागितली. दुसऱ्यांदा मागताना ती माझ्याच कानाला खोटी वाटली.

"बसा," ते म्हणाले. आणि सुनेला, "ते फोल्डर आण."

त्यांनी फोल्डर माझ्या हातात दिलं. कात्रणाच्या कडा बोटं लागून लागून मऊ पडल्या होत्या.

"फाटकाचं वाचा."

"सर, ते सगळं..."

"कळलं मला. वाचा."

मी वाचायला लागलो. फाटक, गाव, कंदील. ते डोळे मिटून, मान थोडी कलती करून ऐकत होते. ते वाक्य जवळ आलं. त्यांच्यासमोर बसून, आता सगळं माहीत असताना, ते तसंच्या तसं वाचणं मला जमेना. मी म्हणालो, "कंदील खाली ठेवून ती बहुधा एकदाच मागे वळून..."

त्यांनी हात वर केला. डोळे मिटलेलेच होते.

"बहुधा नाहीये तिथे," ते म्हणाले. "लिहिलंय तसं वाचा."

मी लिहिलं होतं तसं वाचलं.